दवाखान्यामागचा खड्डा आणि वाडीची विहीर

आगरवाट
रविवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी.

३१ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून काढली. त्यातली शेवटची ११ दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका आरोग्य केंद्रात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. यंदा गावाने मला केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर घेतलंय आणि पुढच्या महिन्यात बैठक आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण इथे डॉक्टर आहेत, वीजवाले आहेत, आशाताई आहेत.

गोष्ट खड्ड्याची आहे. केंद्रामागे फणसाच्या पलीकडे बाळंतपणातली वार आणि रक्ताने भिजलेला कापूस पुरायचा खड्डा आहे. मी नोकरीत होते तेव्हाही होता. वर पत्रा, भोवती जाळी, आत चुना, सगळं रीतसर. खाली उताराला चाळीस पावलांवर वाडीची विहीर. उन्हाळ्यात डोकावलं तर पाणी कुठेतरी खोल चकाकतं. जुलैत तीच विहीर इतकी भरते की काठावर बसून तांब्या बुडवता येतो.

परवा जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम पुन्हा वाचायला घेतले. खोल पुरण्याच्या खड्ड्याबद्दल त्यात लिहिलंय: खड्डा साधारण दोन मीटर खोल, निम्मा भरला की वर चुना आणि मग माती, जवळपास उथळ विहीर नको, आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली. दोन आणि सहा, आठ मीटर. सव्वीस फूट.

वाचून बसून राहिले. ११ वर्षं स्वतः उभं राहून त्या खड्ड्यात पुरून घेतलंय. मे महिन्यात तो नियमात बसतही असेल. जुलैत त्याचा तळ पाण्यातच असणार. आणि जांभा दगड कसा असतो ते आपल्याला कोणी सांगायला नको. वरून टाकलेलं पाणी तासाभरात कुठून बाहेर पडेल याचा नेम नाही.

बैठकीत मी काय मागू? 'खड्डा बंद करा' एवढंच म्हटलं तर 'मग पावसाळ्यात वार कुठे ठेवायची' हा प्रश्न लगेच येणार, आणि तो खरा आहे. कचऱ्याची गाडी येते, पण रस्ता खचला की येत नाही. खड्ड्यावरून सुरुवात केली तरी वीज, पाणी, प्लास्टिक, पारा हे सगळं बोलायचं आहे. ज्याला जे माहीत आहे त्याने ते लिहावं.

---

सुरंगी
रविवार, रात्री १०:०२

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझं रत्नागिरीजवळ बारा खाटांचं रुग्णालय आहे.

आधी खड्ड्याचं. नियमानुसार असा खड्डा दुर्गम किंवा ग्रामीण भागातच चालतो, आणि तोही जिथे सामायिक विल्हेवाट केंद्राची, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र नेऊन नष्ट करणाऱ्या केंद्राची, सोय पोचत नाही तिथेच. तुमच्याकडे गाडी येते, म्हणजे सोय पोचते. तेव्हा 'खड्डा हा मुख्य मार्ग नाही' हे बैठकीत ठामपणे म्हणता येईल. गाडी चुकते ते दिवस हा वेगळा प्रश्न आहे. रक्ताळलेला कचरा आणि शरीराचे अवयव ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. ठेवावेच लागले तर कारण लिहून संबंधित कार्यालयाला कळवायचं आणि त्यातून कुणाला अपाय होणार नाही अशी व्यवस्था करायची, हेही नियमातच आहे. असा कचरा पिवळ्या पिशवीत जातो, आणि माझ्याकडे त्या पिशवीसाठी एक छोटा डीप फ्रीझर आहे. फक्त तेवढ्यासाठीच, दुसरं काही त्यात जात नाही. कुलूप असतं. २०२१ च्या पावसात सलग सहा दिवस गाडी आली नाही तेव्हा त्यानेच तारलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दवाखान्यातून निघणाऱ्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के घरच्या कचऱ्यासारखाच असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटं, पुठ्ठे, जेवण, चहाचे कप. उरलेला १५ टक्केच धोक्याचा. पण त्या १५ मधला एक रक्ताळलेला बोळा साध्या बादलीत पडला की अख्खी बादली धोक्याची होते. आमच्याकडे पहिल्या वर्षी पिवळ्या पिशव्या भरून वाहायच्या. बघितलं तर आत काय, नातेवाइकांनी टाकलेले वडापावचे कागद आणि सलाईनचे खोके. ते सगळं भट्टीत जाळायला जायचं. डिझेल जाळून घाट ओलांडून नेलेला पुठ्ठा!

प्रत्येक खाटेशी साध्या कचऱ्याची वेगळी बादली ठेवली आणि पिवळी फक्त ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर. पिवळ्या पिशव्या निम्म्याहून कमी झाल्या. दुसरं काहीच केलं नव्हतं.

---

पाणंद
रविवार, रात्री १०:४०

वाचतोय. एक मनापासून विचारतो, राग मानू नका. आमच्या भागात साप चावला तर लस मिळेल की नाही याची धाकधूक असते. बाळंतिणीला तालुक्याला न्यायला गाडी मिळत नाही. अशा वेळी दवाखान्यांनी पर्यावरणाकडे बघायचं की माणसाकडे? पैसा एकच आहे.

---

आगरवाट
सोमवार, सकाळी ६:३०

पाणंद, राग कसला. मी पण हेच म्हणत आले आयुष्यभर. म्हणून तर त्या खड्ड्याकडे ११ वर्षं बघूनही पाहिलं नाही.

पण बघा, त्या विहिरीचं पाणी पिऊन जुलाब झालेलं पोर माझ्याकडेच यायचं. त्याला सलाईन मीच लावायचे. त्या सलाईनची बाटली मागच्या बाजूला जायची. माणूस आणि पर्यावरण हे दोन हिशेब मला तरी आता वेगळे मांडता येत नाहीत. वर डॉक्टरांनी सांगितलं त्यात पैसा कुठे गेला? एक बादली जास्त लागली आणि पिशव्या कमी झाल्या. कुठे पैसा लागेल आणि कुठे वाचेल हे निवडूनच मागायचं आहे, म्हणून तर इथे विचारतेय.

---

देवगडकर
सोमवार, सकाळी ८:१०

माझ्या आयेक मधुमेह आसा. दिसाक दोन येळा इन्सुलिन घेता. सुयो खंय टाकूच्यो ह्या आजपर्यंत कोणीच सांगूक नाय. आमी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतव. ग्रामपंचायतीचो माणूस हातान कचरो उचलता, ह्या वाचून माका एकदम भियाक झाला. काय करूचा?

---

आशा_श्रीवर्धन
सोमवार, सकाळी ८:५५

देवगडकर भाऊ, मी आमच्या वाडीत सांगते तेच सांगते. जाड प्लास्टिकचा रिकामा डबा घ्या, फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रावणाचा असतो तसा, फिरकीचं झाकण असलेला. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. सुई परत टोपणात घालत बसू नका, टोचते ती तेव्हाच. टोचून झालं की थेट डब्यात. डब्यावर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. पाऊण भरला की झाकण घट्ट लावून जवळच्या उपकेंद्रात विचारा. आमच्या सिस्टर घेतात आणि त्यांच्या पांढऱ्या डब्यात जमा करतात. सगळीकडे घेतात असं नाही, पण विचारलं की दुसऱ्यांदा घेतात, असा माझा अनुभव आहे.

आमच्या वाडीत चौदा घरांत इन्सुलिन आहे. चौदा घरं गुणिले दिवसाला दोन सुया, बघा वर्षाचा हिशेब.

ताईंचा खड्ड्याचा मुद्दा वाचून मी आमच्या उपकेंद्रामागे जाऊन आले. आमचा खड्डा आहे तो खाजणाच्या बाजूला. भरतीचं पाणी तिथून फार लांब नाही. मीही कधी असा विचार केला नव्हता.

---

देवगडकर
सोमवार, सकाळी ९:२०

देव बरे करो ताई. डबो आजच ठेवतंय.

---

वाशिष्ठीकाठ
सोमवार, दुपारी १:३०

मी चिपळूणचा. पर्यावरण म्हटलं की लोकांना झाडं लावणं आठवतं, मला २२ जुलै २०२१ आठवतो. बाजारपेठेत पहिल्या मजल्याच्या आसपास पाणी होतं. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेले रुग्ण दगावले. त्या दिवशी मी पोटमाळ्यावर अडकलेला होतो, ते सगळं नंतर कळलं. अजूनही तिथून जाताना मान वर करवत नाही.

त्यानंतर मी माझ्या ओळखीच्या तीन-चार दवाखान्यांत जाऊन एकच गोष्ट बघितली: जनरेटर कुठे आहे? तळमजल्यावर. विजेचा मुख्य बोर्ड? तळमजल्यावर. ऑक्सिजनची नळकांडी? जिन्याखाली. औषधांचं कपाट? खालचे तीन खण भरलेले, वरचे रिकामे, कारण हात पोचत नाही.

ताई, तुमचं केंद्र नदीकाठी नसेल, पण समितीवर आहात तर हे चार प्रश्न नक्की विचारा. आणि पूर आला की कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या कुठे जातात हा पाचवा. आमच्याकडे गाळ उपसताना त्यात सलाईनच्या नळ्या आणि सिरिंजा निघत होत्या. उघड्या हातांनी उपसत होतो आम्ही.

---

सौरमित्र_गुहागर
सोमवार, रात्री ८:१५

वाशिष्ठीकाठ यांचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं.

विजेबद्दल मी लिहितो, माझा तोच धंदा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा मंडणगड, दापोली आणि श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती. लसीचा फ्रिज दोन ते आठ अंशांत राहावा लागतो. बर्फाच्या अस्तराचा असला तर वीज गेल्यावरही बराच तग धरतो, पण आठवडे नाही. तेव्हा एका केंद्रात मी स्वतः डिझेलचे कॅन मोटरसायकलवरून पोचवले आहेत. झाडं पडलेली, रस्ता नाही, पेट्रोलपंपाला वीज नाही म्हणून डिझेलही सहज मिळेना. जनरेटर होता, पण त्याच्या पोटात घालायला काही नव्हतं.

छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवलेल्या आहेत, तिथे वीज जाणं हे रोजचंच होतं म्हणून. आपल्याकडेही जमतं, पण कोकण म्हणजे छत्तीसगड नव्हे. इथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिलं म्हणजे पावसाळा. एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं, पण जुलैच्या झडीत निम्मंही मिळेल असं धरू नका. म्हणून अख्खा दवाखाना सौरवर चालवायचा हट्ट नको. बाळंतखोलीतले दिवे, लसीचा फ्रिज, बाळाला ऊब देणारं यंत्र, ऑक्सिजन तयार करणारं यंत्र आणि सुरंगी यांनी सांगितलेला वारेसाठीचा डीप फ्रीझर, एवढ्याची वायरिंग वेगळी काढायची आणि तेवढंच बॅटरीवर ठेवायचं. दुसरं, खारा वारा. साधा लोखंडी सांगाडा किनाऱ्यावर फार लवकर कुजतो. तापलेल्या जस्तात बुडवून काढलेला घ्यावा, नटबोल्ट स्टेनलेसचे. तिसरं, वादळ. कौलांवर पॅनेल बसवू नका. जमिनीवर किंवा स्लॅबवर, बुटक्या कोनात, पाया भरून.

आणि पॅनेल घेण्याआधी जुने पंखे, ट्यूबलाइट बदला. हे मी विकणारा माणूस सांगतोय. एका केंद्रात फक्त दिवे-पंखे बदलल्यावर बॅटरी निम्म्या क्षमतेची पुरली.

---

आगरवाट
सोमवार, रात्री १०:५०

वीजबिल मागवते. वेगळ्या वायरिंगची कल्पना मला फार आवडली. ती मी स्वतः कधी मागितली नसती. कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केलेली आहेत आम्ही, त्यामुळे वीज नसणं हे गृहीतच धरलेलं असायचं.

पाऱ्याबद्दल मला एक सांगायचं आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी माझ्या हातून थर्मामीटर फुटला. मी खाली वाकून बोटांनीच गोळ्या गोळा करायला लागले. थोड्या वेळाने बघते तर लग्नातली अंगठी एका बाजूने पांढरी पडलेली. पारा सोन्याला धरतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या दिवशी पाऱ्याचं उरलेलं आम्ही काय केलं? मोरीत टाकलं. मोरीचं पाणी पऱ्यात जातं, पऱ्या खाडीत.

एका थर्मामीटरात एक ग्रॅमपेक्षा कमी पारा असतो, पण रक्तदाबाच्या उभ्या यंत्रात ऐंशी-शंभर ग्रॅम. तशी मोडकी यंत्रं अजून किती दवाखान्यांच्या अडगळीत पडली असतील!

---

खाडीवेळ
मंगळवार, सकाळी ७:२५

ताई, मी मासळीच्या व्यवसायात आहे, म्हणून हे वाचून थांबलो. पारा खाडीच्या चिखलात पडला की तिथले जीवाणू त्याचं अधिक विषारी रूप करतात. ते लहान माशात, लहानातून मोठ्यात साठत जातं. म्हणून मोठ्या शिकारी माशांत, म्हणजे मुशी किंवा मोठी सुरमई वगैरेंत, ते जास्त सापडतं. जपानमध्ये मिनामाता नावाच्या उपसागराकाठी १९५६ मध्ये ही विषबाधा पहिल्यांदा नोंदली गेली. मासेमारी करून जगणारी गावं होती, आपल्यासारखीच. तिथे पारा कारखान्यातून आला, दवाखान्यातून नव्हे, हे खरं. पण पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचं नाव आहे, आणि भारताने २०१८ मध्ये तो मान्य केला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबाची यंत्रं बाद करणं त्या करारातच येतं.

घाबरवायला लिहीत नाही. आपल्या खाडीतली कालवं-तिसऱ्या खात मोठे झालो आणि खाणारच. पण मोरीत टाकू नका, एवढं हात जोडून सांगतो.

---

सुरंगी
मंगळवार, दुपारी २:१०

फुटलाच थर्मामीटर तर: माणसांना बाजूला करा, खिडक्या उघडा, पंखा बंद. हातातलं सोनं काढा, हातमोजे घाला. केरसुणी अजिबात नको, गोळ्या फुटून बारीक होतात आणि फटींत शिरतात. दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, थोडं पाणी असलेल्या बाटलीत टाका, झाकण घट्ट. बाटलीवर नाव लिहून वेगळी ठेवा, धोकादायक कचरा म्हणून द्यायला. जाळायच्या पिशवीत कधीच नाही. आणि नवे थर्मामीटर डिजिटलच घ्या.

---

भूलतज्ज्ञ_कुडाळ
मंगळवार, रात्री ९:४०

माझ्या कामातलं थोडं. मी भुलीची बॅग घेऊन पाच-सहा रुग्णालयांत फिरतो.

आम्ही जे वायू रुग्णाला देतो ते उच्छ्वासातून बाहेर पडून तसेच आकाशात जातात. त्यातला डेसफ्लुरेन सगळ्यात वाईट, वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट हवा तापवणारा. सेवोफ्लुरेन त्याच्या कितीतरी खाली, शंभर-दीडशे पटीच्या घरात. स्कॉटलंडने २०२३ मध्ये आपल्या सरकारी रुग्णालयांत डेसफ्लुरेन थांबवला. आमच्या छोट्या रुग्णालयांत तो परवडतच नाही, त्यामुळे ते पाप आपल्या माथी फारसं नाही. पण नायट्रस ऑक्साइड आहे. तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पटीच्या आसपास आणि हवेत शंभरहून जास्त वर्षं टिकणारा. ब्रिटनमध्ये तपासलं तेव्हा रुग्णालयांच्या पाइपलाइनमधून तो रुग्णापर्यंत पोचण्याआधीच मोठ्या प्रमाणात गळून जातो असं आढळलं. नवीन रुग्णालय बांधणाऱ्या दोघांना मी सांगितलं की नायट्रसची पाइपलाइन टाकूच नका, लागलं तर छोटं नळकांडं पुरे. दोघांनी ऐकलं, दोघांचेही पैसे वाचले.

बाकी सिझेरियन आणि हर्नियासाठी आपण बहुधा पाठीच्या कण्यात भूल देतो. त्यात हा वायूचा प्रश्नच येत नाही. आणि जिथे वायू देतो तिथे मिनिटाला चार-पाच लिटर प्रवाह सोडायची जुनी सवय आहे. बरंचसं काम लिटरभरात होतं, देखरेखीची यंत्रं नीट असतील तर. रुग्णाच्या सुरक्षिततेपुढे यातलं काहीही नाही, हे वेगळं सांगायला नको.

२०१९ मध्ये 'हेल्थ केअर विदाउट हार्म' ही संस्था आणि 'अरुप' ही सल्लागार कंपनी यांचा एक अहवाल आला होता. त्यात हवा तापवणाऱ्या वायूंच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के काढला होता. आरोग्यसेवा हा एखादा देश असता तर पाचव्या क्रमांकाचा ठरला असता. पाणंद यांनी विचारलं म्हणून सांगतो. आपलं गावातलं केंद्र त्यात कणभरही नसेल. पण लेप्टो, डेंग्यू, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप, पुरानंतरच्या साथी, हे सगळं पहिल्यांदा त्याच केंद्राच्या दारात येतं.

---

पाणंद
मंगळवार, रात्री १०:२०

डॉक्टर, पटलं. दम्याच्या पंपाबद्दलही असंच काही वाचलं होतं, ते खरं आहे का? वडील वापरतात.

---

भूलतज्ज्ञ_कुडाळ
मंगळवार, रात्री १०:३५

दाबून फवारा उडतो त्या पंपात औषध ढकलायला वायू असतो, तो हवा तापवणारा आहे. कॅप्सूल घालून ओढायच्या पावडरीत तो नसतो, आणि आपल्याकडे ती स्वस्तही पडते. पण वडिलांचा पंप स्वतःहून बदलू नका. पावडर ओढायला श्वासात जोर लागतो, तो त्यांच्यात आहे का हे त्यांचे डॉक्टर बघतील. अटॅक आला तर हाताशी पंप हवाच.

---

कलमबाग
बुधवार, सकाळी ६:५०

माझा प्रश्न साधा आहे. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आम्ही दवाखान्यातून मागून आणतो आणि नव्या लावलेल्या हापूसच्या कलमांना टांगतो. मार्च ते मे थेंब थेंब पाणी. फार छान जगतात कलमं. यात चूक काय? प्लास्टिकचा पुनर्वापरच झाला ना?

---

आगरवाट
बुधवार, सकाळी ९:०५

तुमची युक्ती चांगली आहे, बाटली चुकीची आहे. रुग्णाला लावलेली बाटली आणि नळी लाल पिशवीत जायला हवी. नळीतून रक्त उलटं चढतं, ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. लाल पिशवीतलं प्लास्टिक वाफेच्या दाबाखाली, १२१ अंशांवर तासभर ठेवून निर्जंतुक करतात, तुकडे करतात आणि मग पुनर्वापराला देतात. म्हणजे ते वाया जात नाहीच, फक्त तुमच्या कलमापर्यंत थेट येत नाही. आणि नळ्या, सिरिंजा कापूनच टाकायच्या असतात. अख्ख्या बाहेर गेल्या की कोणीतरी धुऊन परत विकेल ही भीती खरी आहे.

कलमांना थंड पेयाच्या बाटलीला खिळ्याने भोक पाडून टांगा. मडकं पुरलंत तर आणखी उत्तम, आमचे आजोबा तेच करायचे.

यावरून आठवलं. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. स्टोव्हवर पाण्यात उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. एचआयव्ही आला आणि सगळं एकदा वापरून फेकायचं झालं, आणि ते योग्यच झालं. सुई कधीही परत वापरायची नाही, यावर माझं दुमत नाही. पण त्या लाटेत कापडी गाऊन गेले, कापडी चादरी गेल्या, स्टीलच्या किडनी ट्रे गेल्या. ते जायची गरज नव्हती. वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह होता, धोबी होता. कोकणात अडचण एकच, पावसाळ्यात कापड वाळत नाही. कुबट वासाचा गाऊन डॉक्टर घालत नाहीत, मग कागदी मागवतात. आम्ही केंद्राच्या पडवीला पारदर्शक पत्रे टाकून घेतले होते एका वर्षी, खाली दोऱ्या. ऊन नसलं तरी ऊब धरायची. दीड दिवसात चादर वाळायची.

---

म्हसळेकर
बुधवार, दुपारी ४:००

थोडं बाजूचं लिहितो, पण या धाग्यात बसेल. आमच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वस्ती आहे. देशभर गिधाडं संपत आली ती जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. मग लोक माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही ३ मिलीपुरती मर्यादित केली. एक साधं अंगदुखीचं इंजेक्शन!

म्हणून ताईंना विनंती, मुदत संपलेल्या औषधांचं काय होतं हेही विचारा. ती पिवळ्या पिशवीची बाब आहे, खड्ड्याची किंवा मोरीची नाही.

---

आशा_श्रीवर्धन
बुधवार, रात्री ९:३०

आणि पाणी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उपकेंद्रात टँकरची वाट बघावी लागते. बाळंतिणीची आई घरून कळशी घेऊन येते. पावसात छपरावरून धो धो पागोळ्या पडतात आणि त्या पाण्याने आवारात चिखल होतो, बस.

---

सौरमित्र_गुहागर
बुधवार, रात्री ९:५०

ताई, हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३०० चौरस मीटरचं छप्पर आणि तीन हजार मिलीमीटर पाऊस, नऊ लाख लिटर. सगळं धरता येत नाही, पण पन्नास हजार लिटरची एक टाकी भरायला त्यातला किती लागतो ते बघा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, जाळी आणि वाळू-कोळशाची गाळणी लावायची, टाकी बंद ठेवायची म्हणजे डास नाहीत. पिण्यासाठी नको म्हटलं तरी चादरी धुवायला, फरशी पुसायला, शौचालयाला चैत्र-वैशाखात तेच पाणी येईल.

---

वाशिष्ठीकाठ
गुरुवार, सकाळी ८:०५

डासांवरून: दवाखान्याबाहेर शहाळ्यांचा ढीग. प्रत्येक रुग्णाला भेटायला येणारा दोन शहाळी घेऊन येतो. पिऊन झालं की कवटी कुंपणाशी. पावसाचं पाणी साठतं, डेंग्यूचे डास तिथेच. आमच्याकडे एका दवाखान्याने शहाळी दोन फाकांत फोडून उपडी टाकायचा नियम केला. वाळली की एक जण पाणी तापवायच्या बंबासाठी घेऊन जातो.

---

आगरवाट
चार आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:४०

बैठक झाली. सगळं लिहिते.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी आणि वाडीतला एक मुलगा दोरी-दगड घेऊन विहिरीवर गेलो. ऑगस्टचा पहिला आठवडा. जमिनीपासून पाणी दीड मीटरवर. नियमाला आठ हवेत. मुलाने मोबाइलवर फोटो काढला, दोरीला गाठ मारली आणि ती गाठ मारलेली दोरीच मी बैठकीत टेबलावर ठेवली. नियमाचं पान शेजारी. कुणी वाद घातला नाही. वैद्यकीय अधिकारी नवीन आहेत, तरुण आहेत. त्यांनी दोरी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, 'हे मला आधी कळायला हवं होतं.' मी म्हटलं, 'मलाही.'

खड्डा बंद. आत आहे ते उपसायचं नाही, वर चुना आणि माती घालून, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरून पक्कं झाकायचं. विहिरीचं पाणी तपासायला पाठवलंय. अहवाल येईपर्यंत वाडीने पाणी उकळून प्यायचं, हे आशाताई घरोघर सांगतायत. डीप फ्रीझरला समितीच्या निधीतून मंजुरी मिळाली. गाडीवाल्याकडून पावसाळ्यातलं वेळापत्रक लेखी मागितलंय, आणि गाडी चुकली तर कुणाला फोन करायचा ते नाव-नंबर भिंतीवर लावायचं ठरलं.

वेगळ्या वायरिंगला होकार आहे, सौर पॅनेलसाठी प्रस्ताव जिल्ह्याला जाईल. केव्हा होईल ते बघू. पागोळ्यांच्या टाकीला जागा मिळाली, पैसे नाहीत. अडगळीत पाऱ्याची रक्तदाबाची दोन यंत्रं सापडली, एकाची नळी फुटलेली. ती आता डब्यात बंद आहेत.

बैठक संपत आली तेव्हा सफाईच्या मावशी चहा घेऊन आत आल्या. चोवीस वर्षं त्या केंद्रात आहेत, माझ्याही आधीपासून. मी त्यांना बसा म्हटलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. तुम्हाला काय हवं ते सांगा म्हटलं, तर आधी काही बोलेनात. मग म्हणाल्या, 'हातमोजे मोठ्या मापाचे येतात. बोटाच्या पुढे रिकामं राहतं आणि सुई दिसत नाही. लहान माप मागवाल का?'

कावीळ बी ची लस सगळ्या कर्मचाऱ्यांना देणं नियमात आहे. मावशींना एकच टोचली होती, पुढच्या दोन राहिल्या होत्या. डॉक्टरांनी त्याच दुपारी दुसरी टोचली. हातमोज्यांचं लहान माप कालच्या गाडीने आलं.